देवाजीची हाडं

सिरोंचा,
३ जून १९८४

केसर,

वर 'सौ.' लिहावं की 'गं. भा.' या विचारात अर्धा तास गेला. मी लिहितो आहे म्हणजे जिवंत आहे, म्हणजे तू सौभाग्यवती. पण पेपरात छापलंय की मी मेलो, आणि छापलेलं खोडायची माझी काय बिशाद? म्हणून नुसतंच केसर.

हे पत्र बहुतेक गुरुजी तुला वाचून दाखवत असतील. गुरुजी, नमस्कार. घाबरू नका, आधी पाणी प्या. मी देवाजी, रामाजी भोयरचा पोरगा, बारा वर्षांपूर्वी वाघानं नेलेला. खालचा मजकूर नवरा-बायकोचा आहे. तो चावडीवर वाचू नये, केसरच्या कानाशी वाचावा, पण फार जवळ जाऊ नये.

तर झालं असं. मी इथं बसस्टँडसमोर नरसम्माच्या हॉटेलात मिरचीची भजी तळतो. परवा पुडी बांधायला रद्दीचा कागद ओढला तर त्यात माझंच नाव! 'चिचटोला येथे रोजगार हमीच्या कामावर बोडी (लहान तळे) खोदताना मानवी सांगाडा सापडला. हातातील तांब्याच्या कड्यावरून तो सन १९७२ मध्ये बेपत्ता झालेल्या देवाजी रामाजी भोयर (वय ४५) याचा असल्याचे पत्नीने ओळखले. कवटीस भोक असल्याने घातपाताचा संशय.' वाचता वाचता एक घाणा भजी जळाली आणि नरसम्मानं तेलुगूत माझ्या खानदानाची हजेरी घेतली.

मी गेलो तेव्हा एकतीसचा होतो. मेलेल्याचं वय वाढत नसते, एवढंही पेपरवाल्याला कळू नये? पंचेचाळीस म्हणे! मी आज त्रेचाळीसचा आहे आणि डोक्यावर अजून केस आहेत.

आता मुद्द्याचं. ती हाडं माझी नाहीत. माझी माझ्यापाशी आहेत, गुडघ्याची जरा कुरकुरतात तेवढंच. ती कुणाची ते मला ठाऊक नाही. तू तेरवी-बिरवीच्या खर्चात पडू नकोस. आणि रडू नकोस. मी जिवंत आहे हे मात्र कुणाला सांगू नकोस. गावाला मी मेलेलाच बरा, आणि मलाही गाव तसंच बरं.

तुझा (अजून असेन तर),
देवाजी

*

चिचटोला,
१४ जून १९८४

देवाजी,

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. पण तुझं प्रेत मिळालं नाही म्हणून इसरूकाकानं पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला देवाजी म्हणून तिरडीवर बांधला आणि नाल्यावर जाळला. माझं अहो-जाहो त्याच सरणावर गेलं. म्हणून देवाजी, आणि तू.

गुरुजींनी पत्र वाचलं नाही, मीच वाचलं. इंदुताई म्हणून वरोऱ्याच्या बौद्ध घरची पोरगी आमच्याकडे ग्रामसेविका होऊन आली आहे. तिच्या प्रौढवर्गात दोन वर्षं जाते. पहिल्या दिवशी तिनं 'कमळ' काढून दाखवलं. मी म्हटलं, बाई, कमळं बोडीत रोजच पाह्यतो, मले माणसाईले शिव्या लिहायला शिकव. आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिते आहे आणि तेही मेलेल्या माणसाला. ताई म्हणते, सुरुवात वाईट नाही.

रडू नको म्हणतोस. कोण रडतंय? बहात्तर साली रडले ते पोटभर रडले. रक्ताळलेलं धोतर नाल्यापाशी बांबूला अडकलेलं, मी ते छातीशी धरून गावभर लोळले. आणि तू भजी तळत होतास!

आता ऐक. नाल्यापाशी बोडी खोदताना गाळाखाली बिरजूच्या कुदळीला कवटी लागली. नवा ठाणेदार आला, गोणपाटावर हाडं मांडली आणि मला म्हणाला, 'ओळख.' हाडं कशी ओळखू? नवऱ्याच्या हाडांशी बायकोचा संबंध येतो कधी? पण कडं दिसलं. तुझ्या बापानं लोहाराकडून करून घेतलेलं, एक गाठ मोठी, एक लहान. मी म्हटलं, 'त्याचंच व्हय.' एवढं बोलले आणि माझ्याच तोंडानं माणूस आत गेला.

तो माणूस म्हणजे सुकलू. आपल्या बांधाला ज्याचा बांध लागून आहे तो. बांबू तोडायला तुम्ही एका झोपडीत होता ना? तो त्या दिवशी तापानं झोपडीत पडून होता हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण ठाणेदार म्हणतो, 'वाघ कुऱ्हाड चालवत नाही. कवटीला भोक आहे म्हणजे माणसाचंच काम.' सुकलूला हाणमार करून चांद्याच्या जेलात टाकलं. त्याला सहा वर्षांची पोरगी आहे, रंभा. ती रोज एसटीच्या वेळेला वडाखाली जाऊन बसते.

तू ये. ठाण्यात उभा राह्य, नाव सांग, दाढी खाजव, आणि परत जा. मला तुझ्याकडून दुसरं काहीच नको.

आणि कडं तुझं, पण हाडं तुझी नाहीत. मग कुणाची? ते लिही.

केसर

*

सिरोंचा,
२५ जून १९८४

केसर,

काय अक्षर आहे गं तुझं! वेलांट्या बैलाच्या शिंगासारख्या. मी नरसम्माला दाखवणार होतो, पण तिला तू आहेस हे अजून सांगितलेलं नाही, म्हणून राहिलं.

सुकलूचं ऐकून वाईट वाटलं. गरीब माणूस. कोंबडी कापायची तरी डोळे मिटायचा, आणि त्यानं मला मारलं म्हणे! मला मारायला त्याला आधी माझी परवानगी काढावी लागली असती.

पण येणं कसं जमावं? पाऊस सुरू झाला. आलापल्लीच्या रस्त्यात नाले चढले की आठ-आठ दिवस गाडी नसते. हॉटेलात माणूस नाही. गुडघे दुखतात. आणि खरं कारण तुलाही माहीत आहे. माझा पुतळा जळाला आहे. जळालेला माणूस शिवेत आला तर गाव त्याला देवाजी म्हणणार नाही, भूत म्हणेल. पहिला धोंडा इसरूकाकाच मारेल, आणि त्याचा नेम चांगला आहे.

म्हणून मधली वाट काढली. ठाणेदारसाहेबांच्या नावे सोबत एक अर्ज जोडला आहे. 'मी खाली सही करणार देवाजी रामाजी भोयर शपथेवर लिहून देतो की मी मेलेलो नाही.' सही केली आहे, वर अंगठाही उठवला आहे. पत्ता लिहिलेला नाही, उगाच शिपाई पाठवतील. तो अर्ज घेऊन जा, काम होईल.

कड्याचं म्हणशील तर ते वाटेत कुठं तरी पडलं. ज्याला सापडलं त्यानं घातलं, आणि तो मेला. तांब्याचा गुण.

एक विचारू? सुकलूसाठी तू एवढी धावपळ काऊन करतेस? त्याच्या बायकोनं करावी ना.

देवाजी

*

(पोस्टकार्ड)

चिचटोला,
८ जुलै १९८४

सिरोंच्याच्या पोस्टमनभाऊला विनंती की हे कार्ड नरसम्माच्या हॉटेलात उभं राहून मोठ्यानं वाचावं.

देवाजी, तुझा अर्ज नेला. ठाणेदार हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. म्हणाला, 'वरती शाई मिळते वाटते.' मग हसणं थांबवून मला विचारलं, 'बाई, तुले लिहिता कधीपासून येते?' मी फुशारकीनं सांगितलं, दोन वर्षांपासून. झालं! त्यानं कागदावर घेतलं की ही बाई खोटे अर्ज करता यावेत म्हणूनच लिहायला शिकली. आता माझ्यावरही संशय आहे. इंदुताई तावातावानं भांडली तर म्हणाला, तुमचीही चौकशी करू.

सुकलूची बायको धावपळ का करत नाही विचारतोस? करतेच आहे. मीच ती. शहात्तर साली पाट लावला. रंभा माझ्या पोटची. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आला नसतास. आता सांगते, कारण तसाही तू येत नाहीस.

अजून विचारते, हाडं कुणाची? जागा संपली.

केसर

*

सिरोंचा,
२१ जुलै १९८४

केसर,

पोस्टमननं तुझी आज्ञा अक्षरशः पाळली. हॉटेलात सोळा गिऱ्हाईकं होती. त्यानं आधी मराठीत वाचलं, मग नरसम्मासाठी तेलुगूत. तेलुगूत ते जास्त वाईट ऐकू येते. नरसम्मानं झारा खाली ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. लोकांना मात्र माझ्यासमोर 'प्रेताला विचारून सांगते' म्हणायची.

मी पण पेटलो होतो. सुकलू? सारी दुनिया सोडून सुकलू? ज्याचं धोतर मीच नेसवून द्यायचो तो? चार पानं शिव्या लिहिल्या. मग वाचून पाहिल्या तर सगळ्या मलाच लागू पडत होत्या. तेव्हा फाडून चुलीत टाकल्या.

तिसऱ्या दिवशी नरसम्मानं विचारलं, 'आ एमुकलु एवरिवी?' म्हणजे तीच तुझी गोष्ट, ती हाडं कुणाची. दोन बायका दोन भाषांत एकच विचारतात तेव्हा पळायला जागा राहत नाही. तिला सांगितलं. आता तुला लिहितो.

ती झिंगूची आहेत. आठवतो का? छत्तीसगडकडून आलेला, आगापिछा नसलेला. बांबूच्या कामावर आमच्यासोबत होता. बांबू तोडून त्याचा हात सुजला होता, म्हणून माझं कडं मी त्याला घातलं. तांब्यानं दुखणं उतरते म्हणतात. एवढी एक गोष्ट मी आयुष्यात चांगली केली, आणि तीच बघ कुठं गेली.

सुकलू तापानं झोपडीत होता. आम्ही दोघं सकाळीच नाल्याकडच्या बेटात शिरलो. झिंगू वाकून तोडत होता. वाघ कुठून आला ते मला दिसलंच नाही. झिंगू ओरडला, 'देवाजी भाऊ!' माझ्या हातात कुऱ्हाड होती, केसर. तीस हातांचं अंतर नव्हतं. मी मोहाच्या झाडावर चढलो. त्यानं पुन्हा हाक मारली. मी आणखी वरच्या फांदीवर गेलो. त्यानंतर हाक आली नाही.

वाघ गेल्यावर उतरलो आणि पळालो. धोतर बांबूला अडकून फाटलं, तेच तू छातीशी धरलंस. त्यावरचं रक्त माझ्या पोटरीचं होतं. गावाकडे पाय वळेना. लोक विचारतील, झिंगू कुठे? हातात कुऱ्हाड असून तू काय करत होतास? काय सांगू? एका लाकडाच्या ट्रकवाल्यानं उचललं आणि जिथं रस्ता संपला तिथं उतरलो. पुढं नदी होती, नाही तर आणखी पळालो असतो.

पुढं बाजारात कुणाकडून ऐकलं की माझा पुतळा जाळला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. म्हटलं, झिंगूला सोडून पळालेला देवाजी जळाला. पण तो जळत नाही. मिरची तेलात टाकली की चुर्र होते ना, त्या आवाजातही मला कधी कधी हाक ऐकू येते.

तुला लाज वाटली असेल की कधी काळी मी तुझा नवरा होतो.

देवाजी

*

चिचटोला,
४ ऑगस्ट १९८४

देवाजी,

लाज वाटली, पण तुझी नाही. तुझं पत्र वाचेपर्यंत झिंगूचं नाव मला आठवलं नव्हतं. त्याला माझ्या हातानं भाकर वाढली होती, कांदा फोडून दिला होता. तो हसताना तोंडावर हात ठेवायचा, पुढचा दात पडला होता म्हणून. तो काम सोडून गेला असं लोक समजले. समजले तरी कुठं, कुणी विचारच केला नाही. तुझ्यासाठी गाव तेरा दिवस सुतकात होतं आणि त्याच्यासाठी कुणी मान वळवून पाहिलं नाही.

म्हणून सांगते. लोक विचारतील म्हणून तू पळालास, बायको सोडलीस, बारा वर्षं भजी तळलीस. अरे येड्या, कुणीच विचारलं नसतं! झिंगू कुठे म्हणून आजपर्यंत या गावात एका माणसानं विचारलं नाही. मी धरून.

आता विचारणारी मी आहे, आणि उत्तर तूच द्यायचं. ठाणेदारासमोर.

भुताची काळजी सोड. मी इसरूकाकाजवळ सहज विषय काढला, 'काका, समजा एखाद्याचा पुतळा जळाला आणि तो माणूस परत आला, तर?' काकानं तंबाखू मळता मळता सांगितलं, 'सोपं आहे. मेला होता, मंग जन्म घेयाचा. सुईण आणाची, नाळ कापाची, सुपात घेयाचं, नाव ठेवाचं. तोवर त्याले कोणी ओळख देयाची नाई.' मग माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाला, 'देवाजी येऊन राह्यला का?' म्हातारा लबाड आहे.

ठमाबाईला विचारून ठेवलं आहे. ऐंशीची झाली, हात थरथरतो, पण सगळ्या गावाची नाळ तिनंच कापली आहे. सूप माझं नवं आहे, ते देईन. तुझ्या जन्माची सगळी सोय झाली आहे, तू फक्त ये.

काका आणखी एक म्हणाला. तुझ्यापासून लपवत नाही, एकदा लपवून पाहिलं. असा नव्यानं जन्मलेला माणूस आपल्या बायकोला पुन्हा हळद लावू शकतो, आणि मग तिचा मधला पाट मोडतो. तू मागितलंस तर पंच तुझ्या बाजूनं बोलतील. मग सुकलू सुटून येईल तो रिकाम्या घरात येईल. मला तसं नको आहे. मला सुकलू पाहिजे. तो चूल पेटवतो, स्वतःला अक्षर येत नसून माझ्या पाटीवरचं शुद्धलेखन तपासतो आणि चुकलं तरी बरोबर म्हणतो. पण तो जेलात कुजण्यापेक्षा बाहेर राहावा, माझ्याशिवाय का होईना.

हे सगळं तुझ्या हातात देऊन बोलावते आहे. तरी ये.

केसर

*

सिरोंचा,
१६ सप्टेंबर १९८४

केसर,

परत सिरोंच्याला पोचलो. नावेनं प्राणहिता ओलांडताना भिजलो ते अजून शिंकतो आहे. नरसम्मानं विचारलं, 'जन्म कसा झाला?' मी म्हटलं, अवघड बाळंतपण होतं.

तू बाहेर होतीस, ठमाबाईनं तुला आत येऊ दिलं नाही. आत काय झालं ते ऐक.

तिनं मला घोंगडीवर उघडा निजवला. अंगाला तूप चोळलं आणि म्हणाली, 'एवढं लंबं पोरगं मी आजवर काढलं नाई.' कमरेला सुताचा दोरा बांधला आणि विळ्यानं कापला. तिचा हात थरथरत होता आणि विळा कुठं चालला होता ते आठवलं की अजून घाम येते. मग सूप. माझी बैठक त्यात मावेना. शेवटी एक पाय सुपात ठेवला आणि इसरूकाका म्हणाला, 'चालते, पायाळू समजू.'

सगळं झालं असं वाटलं तर म्हातारी अडून बसली. 'रड,' म्हणाली. 'रडल्याबिगर पोरगं जित्तं झालं असं मी कोणाचंच म्हटलं नाई.' मी खोटं खोटं ट्यांहां केलं. तिनं पाठीत अशी थापड हाणली की जीव कळवळला. 'हे नाई. खरं रड.' दुसरी थापड बसली आणि माझ्या तोंडून निघालं, 'झिंगू.' पुढं मला आवरता आलं नाही. त्रेचाळीस वर्षांचा घोडा तुपानं माखून ठमाबाईच्या मांडीवर हंबरडा फोडतो आहे. तू बोलावून आणलेला ठाणेदार दार ढकलून आत आला, त्याला वाटलं आत कुणाचा खून होतो आहे. म्हातारी त्याला म्हणाली, 'बाळंतिणीच्या खोलीत जोडे घालून येतोस? हो बाहेर!' आणि तो झाला.

मग इसरूकाकानं पंचांसमोर विचारलं, 'बोल बाप्पा, केसरले पुन्हा हळद लावाची का?'

केसर, मी खोटं बोलणार नाही. वडाखाली रंभा बसलेली येतानाच पाहिली होती. तुझ्यासारखाच हनुवटीला खड्डा. गाव ओळखीचं होतं, तू ओळखीची होतीस, आणि एका शब्दात बारा वर्षं परत मिळाल्यासारखी वाटली. तो शब्द जिभेवर आला होता. तो गिळला आणि म्हटलं, 'तान्ह्या पोराले काय विचारता काका? मी आत्ताच जन्मलो. मले कुठची बायको?' काकानं तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग म्हणाला, 'बरोबर आहे. आजच्या पोराले बायको नसते. लिहून टाका, देवाजी, नवा.'

बाहेरचं तुलाही माहीत आहे, पण तुझं तोंड तुला दिसलं नाही म्हणून लिहितो. ठाणेदारानं विचारलं, 'हा तुझा नवरा का?' तू एकदा माझ्या तुपकट तोंडाकडे पाहिलंस आणि एकदा वडाकडे. मग म्हणालीस, 'साहेब, तुमच्या कागदात हा मुडदा आहे. मुडदा नाई, एवढं लिहा.' तेव्हाच बिरजू रडत पुढं आला आणि कुदळीचं टोक कवटीच्या भोकात बसवून दाखवलं. बिचारा चार महिने तोंड शिवून होता! डॉक्टरनंही भोक ताजं असल्याचं कळवलं होतं म्हणे, तो कागद साहेबांनी वाचायचा ठेवला होता.

झिंगूबद्दल मी सगळं सांगितलं. झाडासकट, दोन्ही हाकांसकट. ठाणेदारानं लिहून घेतलं आणि विचारलं, त्याच्या बापाचं नाव? गाव? दोन्ही रकान्यांत मी 'माहीत नाही' लिहायला सांगितलं.

सुकलू सुटायच्या आधीच मी निघालो. त्याच्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. कुठं कुठं धीट होऊ? तो घरी आला का, तेवढं कळव.

देवाजी (नवा)

*

चिचटोला,
२ ऑक्टोबर १९८४

देवाजी,

सुकलू घरी आला. वाळून काटकी झाला आहे, पण आला. रंभा वडाखाली होती आणि त्याला ओळखायलाच तयार नव्हती. दाढी पाहून पळाली. तो तिच्यामागे गावभर पळाला आणि धाप लागून चावडीपाशी बसला, तेव्हा ती हळूच येऊन त्याच्या मांडीवर चढली. मी दारातूनच पाहत होते. चूल विझली तरी मला कळलं नाही.

तुला मी कधी माफ करीन असं वाटलं नव्हतं. अजून पूर्ण केलं नाही. पण जो शब्द तू गिळलास त्याबद्दल तुझे उपकार आहेत, आणि ते मी लिहून देते. इंदुताई म्हणते, उपकाराला ऱ्हस्व उकार.

काल झिंगूला जाळलं. पुतळा नाही, खरा झिंगू. इसरूकाकानं आधी घोळ घातला की हा कोणत्या जातीचा, याला जाळावं की पुरावं. ठमाबाई म्हणाली, 'माह्या हातात आलेलं कोणतंच पोरगं जात सांगत नव्हतं, आता हाडं सांगतीन का?' मग सगळ्यांनी लाकडं आणली. अख्खं गाव आलं होतं. कुणाला त्याचं गाव माहीत नव्हतं, आई माहीत नव्हती, तर बायांनी रडावं काय म्हणून? मीच सुरुवात केली. दात पडला होता, तोंडावर हात ठेवून हसायचा, कांदा आवडायचा. एवढंच येत होतं, तेच पुन्हा पुन्हा म्हटलं. बाकीच्या बाया तेवढ्यावरच रडल्या.

तू विचारशील, हाडं आम्हाला मिळाली कशी. सुकलूनं आणली.

घरी येऊन तीन दिवस झाले होते. बिरजूनं सांगितलं की हाडं ठाण्यात गोणीत तशीच पडून आहेत, वारस नाही म्हणून एक दिवस गाडून टाकतील. सुकलूनं हातातला घास ताटात ठेवला आणि उठला. मी म्हटलं, पुन्हा त्या ठाण्यात? तो अंगणाबाहेर पडलासुद्धा. मीही मागोमाग गेले.

हवालदारानं फॉर्म काढला. नाव सांगितलं, झिंगू. बापाचं नाव, माहीत नाही. गाव, माहीत नाही. मग त्यानं विचारलं, 'मयताशी नातं?'

सुकलू म्हणाला, 'आरोपी.'

हवालदारानं हसत तसंच लिहिलं आणि म्हणाला, 'असं नातं नसते गा. जवळचा कोणी असंन त्यालेच हाडं भेटते.'

सुकलू कधी जोरात बोलत नाही, तुला माहीत आहे. तसाच हळू म्हणाला, 'याच्यापायी मी साडेतीन महिने आतमधी होतो, साहेब. मार खाल्ला, लेकरू सोडलं. बारा वर्षांत याच्या नावानं एक दिवस तरी कोणी बसला का? मंग माह्यापेक्षा जवळचा कोण हाय याचा?'

हवालदारानं फॉर्म पुन्हा पुढं ओढला. मग 'आरोपी' न खोडता त्याच्यापुढं 'व भाऊ' असं लिहिलं, आणि सुकलूचा अंगठा घेतला.

केसर